एका ऑफिसात दोन राऊटर: नेटवर्कमधला गोंधळ शोधायचा कसा, मिटवायचा कसा

नेट पूर्ण बंद पडलं तर एका अर्थी बरं. कनेक्शनवाल्याला फोन लावायचा, वायर तुटली असेल तर तो जोडून जातो. खरा ताप देतो तो अर्धवट बिघाड. रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर जीएसटीचं पोर्टल उघडतं, शेजारच्या टेबलावर उघडत नाही. कालपर्यंत छापणारा प्रिंटर आज 'ऑफलाइन' दाखवतो. टॅली अचानक एज्युकेशनल मोडमध्ये जाते आणि मोजक्या तारखांपलीकडे नोंदच घेत नाही. राऊटर बंद करून चालू केला की तासभर सगळं सुरळीत, दुपारी पुन्हा तेच. अशी लक्षणं दिसली की कनेक्शनवाल्याशी वाद घालण्याआधी एक गोष्ट तपासा: तुमच्या नेटवर्कमध्ये पत्ते वाटणारी दोन उपकरणं आहेत का, किंवा एकच पत्ता दोघांनी धरून ठेवलाय का?

पुण्यातल्या छोट्या ऑफिसांत हे सारखं घडतं, आणि त्याला कारणं आहेत. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत सीए, वकील, आर्किटेक्ट यांची कितीतरी ऑफिसं जुन्या बांधकामात आहेत. भिंती जाडजूड. बाहेरच्या खोलीतलं वायफाय आतल्या केबिनपर्यंत पोचत नाही, म्हणून कुणीतरी घरचा जुना राऊटर आणून भिंतीतल्या केबलला जोडतं. बाणेर, बालेवाडीकडे एका मजल्यावर तीन-चार छोटे व्यवसाय एकच कनेक्शन वाटून घेतात आणि प्रत्येकाला आपलं वेगळं वायफाय हवं असतं. भोसरीच्या शेडमध्ये कॅमेरेवाला येतो, हजेरीच्या मशीनवाला येतो, आणि जो तो आपला डबा मोकळ्या पोर्टात खुपसून जातो. कुणाचाच हेतू वाईट नसतो. पण पूर्ण नेटवर्काकडे पाहणारं कुणी नसतं.

'याला कॉम्प्युटरमधलं जरा कळतं' म्हणून ऑफिसनं ज्यांच्या गळ्यात हे काम घातलंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. एक लॅपटॉप, एक चांगली पॅच कॉर्ड (म्हणजे छोटी नेटवर्क केबल), फोनचा कॅमेरा आणि वही एवढं सामान पुरतं.

पत्ता मिळतो कसा

नेटवर्कवरच्या प्रत्येक कॉम्प्युटरला, फोनला, प्रिंटरला एक आयपी पत्ता लागतो. घरांत आणि ऑफिसांत वापरायचे पत्ते जगभर ठरलेले आहेत. १९९६ साली पक्क्या झालेल्या नियमानुसार १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ मधले आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापराला मोकळे आहेत. कुणीही वापरावेत, परवानगी लागत नाही. त्यामुळेच बहुतेक कंपन्या आपले राऊटर कारखान्यातूनच १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ अशा त्याच त्या पत्त्यांवर बसवून पाठवतात. जिओ फायबरचा डबा १९२.१६८.२९.१ वर असतो, मायक्रोटिकचा १९२.१६८.८८.१ वर. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे चोर पकडताना उपयोगी पडतात.

पत्ते वाटण्याच्या सोयीला डीएचसीपी म्हणतात. कॉम्प्युटर सुरू झाला की तो अख्ख्या नेटवर्कला विचारतो, 'मला कुणी पत्ता देतं का?' राऊटर म्हणतो, 'हा घे.' कॉम्प्युटर म्हणतो, 'ठीक, हाच घेतो.' राऊटर नोंद करून 'झालं' म्हणतो. चार निरोपांत काम संपतं. मेख अशी की पहिला प्रश्न सगळ्यांना ऐकू जातो, आणि बहुतेक कॉम्प्युटर ज्याचं उत्तर आधी आलं त्याचं ऐकतात. दवाखान्यात दोन कंपाउंडर दोन वेगळ्या वह्यांतून नंबर द्यायला बसले तर बारा नंबरचे दोन पेशंट एकाच वेळी दारात उभे राहतील, तसं इथे होतं.

राऊटर पत्ता ठरावीक मुदतीसाठीच देतो, याला लीज म्हणतात. मुदत काही ठिकाणी दोन तास असते, काही ठिकाणी पूर्ण दिवस. अर्धी मुदत झाली की कॉम्प्युटर ज्याच्याकडून पत्ता घेतला त्याच्याकडेच मुदतवाढ मागतो. म्हणून दुसरा राऊटर आज लावला तरी आजच सगळं बिघडत नाही. ज्यांचे कॉम्प्युटर चालू आहेत ते जुन्या राऊटरशीच बांधलेले राहतात. जो बंद करून चालू करेल, किंवा लॅपटॉप घरी नेऊन परत आणेल, तो नव्या राऊटरच्या हाती लागू शकतो. 'काल तर कुणी काहीच बदललं नाही' असं सगळे सांगतात आणि ते खरंही असतं. बदल गेल्या आठवड्यात झालेला असतो.

हात लावण्याआधी

राऊटरच्या मागच्या भोकात टाचणी घालून रिसेट करू नका. हे मी सगळ्यात आधी सांगतो, कारण वैतागलेला माणूस सगळ्यात आधी तेच करतो. रिसेटनं राऊटर कारखान्यातल्या स्थितीत जातो. कनेक्शनचं युझरनेम आणि पासवर्ड त्यात भरलेले असतील तर तेही पुसले जातात, आणि मग जे अर्धं चालत होतं तेही बंद. रिस्टार्ट आणि रिसेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रिस्टार्टचीही घाई नको. रिस्टार्टनं सगळ्यांना नव्यानं पत्ते मिळतात आणि बिघाड तात्पुरता झाकला जातो. तुम्हाला तो उघडा असताना पाहायचाय.

राऊटरच्या आणि स्विचच्या, म्हणजे बऱ्याच केबली एकत्र जोडणाऱ्या डब्याच्या, मागच्या सगळ्या केबलींचे फोटो काढा, कुठली कुठल्या पोर्टात आहे ते स्पष्ट दिसेल असे. मग ऑफिसात सांगा. टॅलीचा डेटा एका कॉम्प्युटरवर आणि काम चौघांचं असेल, तर नोंद चालू असताना केबल काढल्यानं डेटा खराब होऊ शकतो. सगळ्यांना टॅलीतून बाहेर पडायला लावा. जेवणाची सुट्टी किंवा संध्याकाळी सहानंतरची वेळ बरी. जीएसटी रिटर्नची किंवा आयकराची शेवटची तारीख दोन दिवसांवर असेल, तर मोठे बदल पुढे ढकला आणि तोवर गरजेच्या कॉम्प्युटरला फोनच्या हॉटस्पॉटवर चालवा.

पहिली पायरी: दोन कॉम्प्युटर शेजारी ठेवून वाचा

एक चालणारा कॉम्प्युटर घ्या, एक न चालणारा. दोन्हींवर विंडोजची कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडा. स्टार्टमध्ये सी, एम, डी ही तीन अक्षरं टाइप केली की ती सापडते. त्यात आयपीकॉन्फिग ही आज्ञा द्या: आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी, एक जागा सोडून तिरकी रेघ, आणि लगेच ए, एल, एल. या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच हवेत.

भरपूर ओळी येतील. त्यातल्या तीनच बघायच्या: आयपीव्ही४ ॲड्रेस (या कॉम्प्युटरचा पत्ता), डीफॉल्ट गेटवे (बाहेर नेटकडे जायचं दार) आणि डीएचसीपी सर्व्हर (ज्यानं पत्ता दिला तो). दोन्ही कॉम्प्युटरच्या या तीन ओळी वहीत शेजारी शेजारी लिहा. निम्मं निदान इथेच होतं.

समजा चालणाऱ्या कॉम्प्युटरचा पत्ता १९२.१६८.१.११४ आहे, गेटवे आणि डीएचसीपी सर्व्हर दोन्ही १९२.१६८.१.१. न चालणाऱ्याचा पत्ता १९२.१६८.०.१०२, गेटवे आणि सर्व्हर १९२.१६८.०.१. मग शंका नको, दुसरा राऊटर आहे. प्रिंटर आणि टॅलीचा कॉम्प्युटर १९२.१६८.१ च्या घरात, आणि हा बिचारा १९२.१६८.० च्या. एकाच स्विचला जोडलेले असूनही दोघांना एकमेकांचा पत्ता लागत नाही.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर अर्थ वेगळा. कॉम्प्युटरनं हाका मारल्या, कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक पत्ता लावून घेतला. केबल नीट बसलेली नाही, स्विचचा पोर्ट गेलाय, किंवा राऊटरकडचे पत्ते संपलेत. शेवटचं कारण हल्ली वाढलंय. वीस माणसांच्या ऑफिसात वीस कॉम्प्युटर, वीस फोन, वर कॅमेरे, पाहुण्यांचे फोन. आणि पत्ते वाटपाला ठेवलेत पन्नासच.

दोन्हीकडे गेटवे तोच, पण डीएचसीपी सर्व्हर वेगळा दिसत असेल, तर दोन उपकरणं एकाच घरातले पत्ते वाटताहेत. हा प्रकार सगळ्यात फसवा, कारण वरवर सगळे आकडे बरोबर वाटतात.

पत्ता १९२.१६८.१३७ ने सुरू होत असेल तर राऊटर शोधत बसू नका. विंडोजमध्ये इंटरनेट शेअर करायची सोय चालू केली की तो कॉम्प्युटर स्वतःच १९२.१६८.१३७.१ होऊन पत्ते वाटू लागतो. कुणीतरी फोनचं नेट लॅपटॉपवर घेऊन पुढे केबलनं वाटायचा प्रयत्न केला असणार. त्या लॅपटॉपवरची शेअरिंगची खूण काढली की संपलं.

आकडे सगळे ठीक, पिंग (एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का बघणारी आज्ञा) ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला दिली तर उत्तरही येतंय, फक्त वेबसाइट उघडत नाहीत, तर तो डीएनएसचा, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सोयीचा, प्रश्न. त्या कॉम्प्युटरवर कुणी हातानं डीएनएस भरून ठेवलाय का ते बघा.

दुसरी पायरी: दुसरा कोण ते शोधा

मुख्य राऊटर कोणता हे आधी पक्कं करा. फायबरची बारीक पिवळी किंवा काळी वायर ज्या डब्यात जाते तिथून सुरुवात करा आणि बोटानं केबल धरून पुढे जा.

मग ही चाचणी करा. हिच्याइतकी खात्रीची दुसरी नाही. मुख्य राऊटरकडून स्विचला येणारी केबल स्विचमधून काढा. लॅपटॉप केबलनं त्याच स्विचला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा. आयपीकॉन्फिगपुढे तिरकी रेघ देऊन 'रिलीज', मग तसंच 'रिन्यू'. मुख्य राऊटर तुटलेला आहे, म्हणजे कुणीच पत्ता द्यायला नको आणि १६९.२५४ वालाच पत्ता यायला हवा. तरीही १९२.१६८ चा पत्ता आला, तर तो ज्यानं दिला तोच आपला दुसरा. डीएचसीपी सर्व्हरच्या ओळीत त्याचा पत्ता लिहिलेला असेल.

तो पत्ता ब्राउझरमध्ये टाका. बहुतेक वेळा लॉगिनचं पान उघडतं आणि त्यावर कंपनीचं नाव, कधी मॉडेलही असतं. पान नाही उघडलं तर काळ्या खिडकीत एआरपी, जागा, उणे चिन्ह, ए अशी आज्ञा द्या. पत्त्यासमोर बारा अक्षर-आकड्यांचा मॅक ॲड्रेस दिसेल. त्यातली पहिली सहा बनवणाऱ्या कंपनीची खूण असते, नेटवर शोधली की नाव कळतं. प्रत्येक राऊटरच्या तळाच्या स्टिकरवर मॅक छापलेला असतो, तो जुळवून बघा. शेवटचा आकडा एक-दोनानं पुढेमागे असेल तरी डबा तोच समजा. एका राऊटरला लॅन (ऑफिसच्या आतली बाजू), वॅन (बाहेरच्या कनेक्शनची बाजू) आणि वायफायसाठी वेगळे मॅक असतात.

पण डबा आहे कुठे? त्या पत्त्याला पिंग लावा आणि पुढे उणे टी जोडा, म्हणजे ते थांबवेपर्यंत चालू राहील. आता स्विचमधल्या केबली एकेक करून काढा. काढा, पाच सेकंद थांबा, खिडकीकडे बघा, परत लावा. ज्या केबलला पिंग तुटतं, तिच्या दुसऱ्या टोकाला तो आहे. केबलवर चिकटपट्टी लावून पोर्टचा नंबर लिहा आणि तिच्यामागे जा. फॉल्स सीलिंगमध्ये शिरते, पार्टिशनच्या पलीकडे उतरते, फायलींच्या कपाटामागे जाते. तिथे धुळीत एक छोटा राऊटर किंवा रेंज वाढवायचा डबा हिरवे दिवे मिचकावत बसलेला सापडतो, आणि केबल त्याच्या लॅन पोर्टात असते. राऊटरच्या वॅन पोर्टात लावली असती तर त्यानं इकडे पत्ते वाटलेच नसते; लॅन पोर्टात लावल्यामुळे तो सगळ्या ऑफिसाला पत्ते देत सुटलाय.

डबा सापडला की लगेच उपटून फेकू नका. ज्यांच्या टेबलापाशी आहे त्यांना विचारा.

'काका, हा राऊटर तुम्ही बसवलात का?'

'अहो, इथे आत रेंजच येत नव्हती. व्हिडिओ कॉल सारखा तुटायचा.'

त्यांची अडचण खरी आहे. राऊटर काढून नेलात तर पुढच्या महिन्यात दुसरा येईल, आणि तो लपवून लावलेला असेल. त्यांना रेंज मिळेल आणि नेटवर्कही शाबूत राहील अशी सोय करायची. ती करता येते, आणि त्याच डब्यात करता येते.

तिसरी पायरी: दुसऱ्या राऊटरला ॲक्सेस पॉइंट करा

ॲक्सेस पॉइंट म्हणजे स्वतः पत्ते न वाटता फक्त वायफाय देणारा डबा. बहुतेकांचं काम याच पायरीनं होतं, म्हणून सावकाश सांगतो.

दुसरा राऊटर ऑफिसच्या केबलपासून सोडवा. फक्त तुमचा लॅपटॉप त्याच्या लॅन पोर्टाला जोडा, वायफाय बंद ठेवा. ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकून लॉगिन करा. सेटिंगमध्ये 'ऑपरेशन मोड' किंवा 'ॲक्सेस पॉइंट मोड' असा पर्याय दिसला तर तो निवडा. बऱ्याच नव्या राऊटरमध्ये बाकीचं आपोआप होतं. जुन्यात तो पर्याय नसतो, तिथे हातानं करायचं.

आधी लॅनच्या सेटिंगमध्ये त्याचा पत्ता बदला. मुख्य राऊटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. सेव्ह केल्यावर पान अडकल्यासारखं वाटेल, कारण राऊटर आता नव्या पत्त्यावर गेला. रिलीज, रिन्यू करा आणि १९२.१६८.१.२ वर पुन्हा लॉगिन करा. आता डीएचसीपी सर्व्हर बंद करा, सेव्ह करा. हा क्रम पाळा. डीएचसीपी आधी बंद केलात तर पत्ता बदलल्यावर लॅपटॉपला नवा पत्ता द्यायला कुणी उरत नाही, आणि मग लॅपटॉपवर हातानं आयपी भरत बसावं लागतं.

वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार मुख्य राऊटरसारखाच ठेवा, म्हणजे केबिनमध्ये गेल्यावर फोन आपसूक जवळचा सिग्नल धरेल. चॅनल मात्र वेगळा. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांत घुसत नाहीत. मुख्य १ वर असेल तर याला ६ किंवा ११, आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. पेठेतल्या दाटीत शेजारच्या इमारतींचीच वीस-पंचवीस वायफाय दिसतात, तिथे ४० ठेवण्यात काही हशील नाही.

आता ऑफिसची केबल त्याच्या लॅन पोर्टात लावा. वॅन पोर्ट रिकामा राहू द्या. जुन्या राऊटरचा वॅन पोर्ट या कामात चालत नाही. पोर्टावर चिकटपट्टी लावून टाका म्हणजे पुढच्या वेळी कुणी 'चुकीच्या भोकात आहे' म्हणून केबल हलवणार नाही. डब्यावरही लिहा: ॲक्सेस पॉइंट, १९२.१६८.१.२, डीएचसीपी बंद. आणि दुसऱ्या पायरीतल्या चाचणीसारखं रिलीज, रिन्यू करून डीएचसीपी सर्व्हर १९२.१६८.१.१ च दिसतोय ना, ते पाहा.

दुसरा राऊटर हवाच असेल तर

मजला वाटून घेणाऱ्या वेगळ्या व्यवसायांचं गणित निराळं. तिथे शेजारच्या सॉफ्टवेअरवाल्यांचा राऊटर तुमच्या नेटवर्कात मिसळून टाकणं चूक ठरेल. सीएच्या ऑफिसात अशिलांचे पॅन, बँकेची स्टेटमेंटं शेअर्ड फोल्डरमध्ये पडलेली असतात. ती पलीकडच्यांना दिसता कामा नयेत. तिथे दुसरा राऊटर राऊटर म्हणूनच राहू द्या, केबल त्याच्या वॅन पोर्टात लावा, आणि त्याचं घर वेगळं करा. मुख्य १९२.१६८.१ असेल तर त्याला १९२.१६८.५० द्या. दोन्ही बाजूंना एकच घर असेल तर कुठला पत्ता आतला आणि कुठला बाहेरचा हे राऊटरला ठरवताच येत नाही, आणि आतल्यांचं नेट बंद पडतं.

एक बारकावा फार जण विसरतात. आतल्या राऊटरमागचा कॉम्प्युटर बाहेरच्या नेटवर्कात डोकावू शकतो, उलटं सहसा होत नाही. म्हणजे मुख्य राऊटरला थेट जोडलेलं ऑफिस उघडं पडतं. ज्याचा डेटा नाजूक, त्यानं स्वतःच्या राऊटरमागे बसावं. मी तर म्हणेन, मुख्य राऊटरला कुणीच थेट जोडू नये. प्रत्येक व्यवसायाचा आपापला राऊटर, आणि मुख्य राऊटर फक्त त्या सगळ्यांना नेट देणारा.

दोन कंपन्यांची दोन कनेक्शनं घेतली असतील तर दोन्हींचे डबे एकाच स्विचला कधीही जोडू नका. ते दोघंही राऊटरच असतात, दोघंही पत्ते वाटतात. एक बंद पडल्यावर दुसरं चालावं असं हवं असेल तर दोन वॅन पोर्टचा राऊटर घ्या, दोन्ही कनेक्शनं त्यात, आणि त्यातून एकच केबल स्विचला.

एकाच पत्त्यावर दोघं

दुसरा राऊटर सापडला नाही, तरी स्क्रीनवर 'आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट' येतंय? मग कुणीतरी हातानं पक्का केलेला पत्ता राऊटरनं दुसऱ्याला देऊन टाकलाय. संशयित ठरलेले: प्रिंटर, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर, हजेरीचं मशीन, टॅलीचा कॉम्प्युटर. यातले काही कारखान्यातूनच पक्का पत्ता घेऊन येतात. हिकव्हिजनचे कॅमेरे १९२.१६८.१.६४ वर, दाहुआचे १९२.१६८.१.१०८ वर, झेडकेटेकोची हजेरीची मशीन १९२.१६८.१.२०१ वर. आणि कित्येक राऊटर वाटप १०० पासून १९९ पर्यंत करतात. १०८ नेमका त्यात सापडतो.

पडताळणी सोपी आहे. प्रिंटरचा पत्ता लिहून घ्या, प्रिंटर बंद करा, त्या पत्त्याला पिंग करा. बंद प्रिंटरनं उत्तर दिलं तर तिथे दुसरं कुणी बसलंय. उत्तर आलं नाही तरी एआरपीची यादी बघा, कारण विंडोजची फायरवॉल पिंगला गप्प बसते पण मॅक लपवत नाही. ज्या कॉम्प्युटरवर संदेश आला, त्याच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या घडामोडींची नोंदवही) सिस्टिमच्या नोंदींत ४१९९ क्रमांक शोधा. समोरच्या उपकरणाचा मॅक तिथे लिहिलेला असतो.

उपाय म्हणून राऊटरमधलं वाटप ११० ते १९९ करा. १ ते १०९ आणि २०० नंतरचे पत्ते पक्क्या उपकरणांना राखून ठेवा. याहून चांगली युक्ती 'ॲड्रेस रिझर्व्हेशन'ची: राऊटरमध्ये प्रिंटरचा मॅक लिहून त्यापुढे पत्ता नेमून द्या आणि प्रिंटरवर पत्ता 'ऑटो' ठेवा. मग राऊटर बदलला तरी प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर बाण दाबत पत्ता भरायला नको. टॅलीच्या लायसन्सचा कॉम्प्युटरही याच पद्धतीनं बांधून ठेवा.

सगळंच एकदम बंद आणि स्विचचे दिवे वेड्यासारखे

स्विचवरचे सगळे दिवे एकाच लयीत, न थांबता लुकलुकताहेत आणि अख्खं ऑफिस बंद: केबलचं वेटोळं. साफसफाई करताना लोंबणारं टोक कुणीतरी रिकाम्या पोर्टात लावलंय, आणि त्याचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये आहे. निरोप गोल गोल फिरत राहतात. शेवटची लावलेली केबल काढा, काही सेकंदांत श्वास सुटतो.

लाईट जाऊन आल्यावरच बिघडतं?

गुरुवारी महावितरणचं देखभालीचं काम निघालं, दुपारी लाईट आली आणि नेटवर्क विस्कटलं, असं दर वेळी होत असेल तर पुन्हा दुसऱ्या पायरीवर जा. सगळे डबे एकदम सुरू होतात, त्यात लहान राऊटर लवकर उठतो आणि मुख्य राऊटर जागा होईपर्यंत पत्ते वाटून मोकळा होतो. मुख्य राऊटर आणि फायबरच्या डब्याला छोटा राऊटर यूपीएस लावा. घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघूनच घ्या. बरेच १२ व्होल्टवर चालतात, काही ९ वर. यूपीएसनं त्रास कमी होईल, पण दुसरा पत्ते वाटणारा शोधायचं काम त्यानं टळत नाही.

काम झालं हे केव्हा म्हणायचं

सगळ्या कॉम्प्युटरवर रिलीज, रिन्यू. प्रिंटर बंद करून चालू. प्रत्येक टेबलावर एक पान छापून बघा, टॅली उघडून लायसन्स दिसतंय का बघा. मग एक पूर्ण लीज उलटू द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दोन-तीन कॉम्प्युटरच्या त्या तीन ओळी वाचा. डीएचसीपी सर्व्हर सगळीकडे एकच दिसला, तर झालं. राऊटरचा ॲडमिन पासवर्ड कारखान्यातलाच असेल तर याच वेळी बदला, आणि कुठल्या पत्त्यावर कोण याची यादी राऊटरशेजारी चिकटवा.

ऑफिस मोठं असेल, लोक बदलत असतील, नवे डबे येतच राहणार असतील, तर डीएचसीपी स्नूपिंग असलेला मॅनेज्ड स्विच घ्या. त्यात एकच पोर्ट विश्वासाचा म्हणून नेमता येतो. बाकी कुठल्याही पोर्टातून कुणी पत्ते वाटू लागलं तर स्विच ते निरोप पुढे जाऊच देत नाही. साध्या स्विचपेक्षा महाग पडतो, पण पंधरा-वीस टेबलांच्या ऑफिसाला मी तोच घ्यायला सांगतो.

इतकं करूनही अडलात तर माणूस बोलवा. वहीतल्या त्या तीन ओळी, केबलींचे फोटो, सापडलेला मॅक आणि मुख्य राऊटरच्या वॅनचा पत्ता त्याला आधीच पाठवा. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल तर तेही सांगा. तो पत्ता कनेक्शनवाल्यानं अनेक ग्राहकांत वाटून दिलेला असतो. बाहेरून कॅमेरे दिसत नाहीत ते त्यामुळे, आणि त्याला उपाय म्हणजे त्यांच्याकडून वेगळा स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी घेणं.